रकान्यातलं प्रजासत्ताक

माझ्या टेबलाच्या खणात मॉरिशसचं एक रुपयाचं नाणं आहे, 1987 सालचं. एका बाजूला देशाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचा चेहरा आणि नावाआधी 'सर'. दुसऱ्या बाजूला त्या देशाचं राजचिन्ह. हे नाणं पाडलं गेलं तेव्हा मॉरिशस स्वतंत्र होऊन एकोणीस वर्षं झाली होती. तरी देशाची प्रमुख लंडनमध्ये राहणारी राणी एलिझाबेथच होती. नाण्यावरून राणी 1987 मध्ये उतरली. राज्यघटनेतून उतरायला 12 मार्च 1992 उजाडावा लागला.

नाणं मला दिलं ते मॉरिशसच्या व्हाकोआ गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी. आपल्या पणजोबांचं गाव शोधायला ते रत्नागिरी जिल्ह्यात आले होते, आणि चिपळूणच्या एसटी स्टँडवर आमची गाठ पडली. मराठी बोलत होते, पण पुस्तकातून शिकलेलं, एकेक शब्द जपून टाकलेलं. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची झेरॉक्स होती. ब्रिटिश अमलातल्या वसाहतीच्या दप्तरात गिरमिटावर, म्हणजे करारावर, आलेल्या प्रत्येक मजुराची अशी नोंद होई. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. गावाचं नाव कुणा कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं, त्यामुळे ते तीन तालुक्यांतल्या चार-पाच वाड्यांना लागू पडत होतं. गुरुजी (मी त्यांना तसंच म्हणत होतो, आणि त्यांना ते आवडत होतं) त्या कागदावर बोट ठेवून एकेक रकाना मला वाचून दाखवत होते. 'जात' या रकान्यात 'मराठा' लिहिलं होतं. तिथे बोट थांबवून त्यांनी सांगितलं की त्यांचा पुतण्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा उमेदवारी अर्जावरही असाच एक रकाना होता, 'समाज'. त्यात मराठी लिहिता येत नाही. तिथे 'हिंदू' लिहावं लागतं, आणि ते लिहिलं नाही तर अर्ज बाद होतो.

दोन कागदांत शंभर वर्षांहून जास्त अंतर. एक कागद साहेबाच्या राज्यातला, दुसरा प्रजासत्ताकातला. रकाना मात्र दोन्हीकडे.

मॉरिशसच्या वाटचालीविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक कौतुकाचं असतं, आणि ते कौतुक त्या देशाने कमावलेलं आहे. पण राणी जाऊन राष्ट्राध्यक्ष आला की प्रजासत्ताक पुरं होतं, असं मला वाटत नाही. 'प्रजासत्ताक' हा आपला शब्दच बघा. सत्ता प्रजेची, म्हणजे आधी प्रजा कोण ते ठरायला हवं. ती माणसांनी बनलेली आहे की गठ्ठ्यांनी? मॉरिशसने राजसत्तेचा प्रश्न मोठ्या शहाणपणाने सोडवला. प्रजा कशी मोजायची, हा प्रश्न मात्र 1968 मध्ये होता तिथेच पडून आहे. तो आता सुटला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आणि त्यात आपण मराठी माणसं नकळत आडवे येतो, असंही वाटतं.

आमच्या आजीच्या तोंडी 'मोरस साखर' हा शब्द असे. पांढरी, दाणेदार, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. ती मोरस म्हणजे मॉरिशसची, हे मला फार उशिरा कळलं. त्या साखरेसाठीच हा देश घडला. या बेटावर मूळचं कुणी नव्हतंच. डच आले आणि गेले, मग 1715 मध्ये फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण जमिनी आणि साखरेचे मळे फ्रेंच मळेवाल्यांकडेच राहिले. 1835 मध्ये गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली ती मालकांना. मोकळे होणारे लोक मळ्यात राबायला नाखूश असतील हे आधीच दिसत होतं, म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या धक्क्यावरून गेली. बहुतेक भोजपुरी मुलखातले, त्याखालोखाल मद्रासकडचे तमिळ-तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणचे नि घाटावरचे लोक. तो धक्का, आजचा आप्रवासी घाट, 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. दगडी पायऱ्या, नोंदणीची खोली, झोपायचे ओटे. माणूस या पायऱ्या चढून वर आला की पहिलं काम रकाना भरण्याचं.

या लोकांना मताचा अधिकार मिळायला शतक उलटून गेलं. मालमत्ता आणि पगाराच्या अटींमुळे 1948 च्या आधी अख्ख्या बेटावर बारा हजारांच्या आसपास मतदार होते. 1947 च्या घटनेने अट बदलली: बेटावर वापरात असलेल्या एखाद्या भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की मत. मग पंडित वासुदेव विष्णुदयाल यांचे स्वयंसेवक गावोगाव गेले आणि दिवसभर ऊस तोडून आलेल्या बायाबापड्यांना कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायला बसवलं. 1948 च्या निवडणुकीला मतदारांची संख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली. या देशाच्या राजकीय इतिहासातला मला सगळ्यात प्रिय क्षण हाच आहे. इथे माणूस रकान्यातून बाहेर आला. त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं, आणि तेवढ्यावर तो नागरिक झाला. सर्वांना सरसकट मताधिकार मिळून पहिली निवडणूक झाली 1959 मध्ये.

आणि तिथूनच भीती सुरू झाली. एका माणसाला एक मत म्हटल्यावर बहुसंख्य कोण हे दिसू लागलं. हिंदूंची संख्या निम्म्याच्या आसपास. गुलामांच्या वंशजांना, म्हणजे क्रेओल लोकांना वाटू लागलं की इंग्रज गेला की मळेवाल्याच्या जागी हिंदू येईल. मुसलमानांना, चिनी व्यापाऱ्यांना, फ्रेंच वंशाच्या जमीनदारांना आपापली भीती. या भीतीला कमी लेखून चालणार नाही. 7 ऑगस्ट 1967 च्या निवडणुकीत प्रश्न एकच होता, स्वातंत्र्य हवं की नको. रामगुलाम यांच्या मजूर पक्षाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने 62 पैकी 39 जागा जिंकल्या, गाएताँ दुवाल यांच्या विरोधी पक्षाला 23 मिळाल्या. पण मतं? स्वातंत्र्याच्या विरोधात जवळपास 44 टक्के लोकांनी मत दिलं होतं! जगात किती देश असतील, ज्यांच्या शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी स्वतःच्या स्वातंत्र्याला 'नको' म्हटलं?

जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईच्या वस्त्यांत क्रेओल आणि मुसलमान टोळ्यांत दंगल उसळली, माणसं मारली गेली, आणीबाणी लागली, ब्रिटिश सैनिक उतरवावे लागले. दोन महिन्यांनी, 12 मार्चला, शाँ द मार्सच्या मैदानावर युनियन जॅक उतरला आणि लाल-निळा-पिवळा-हिरवा झेंडा चढला. राजघराण्यातर्फे राजकन्या अलेक्झांड्रा येणार होत्या, त्यांचा दौरा दंगलीमुळे रद्द झाला. दिवस निवडला होता तो गांधीजींच्या दांडीयात्रेच्या प्रस्थानाचा. गांधीजी स्वतः 1901 मध्ये आफ्रिकेतून परतताना तिथे थांबले होते, त्यांच्या सांगण्यावरून 1907 मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मजुरांचे खटले लढायला गेले होते, ती आठवण त्या तारखेत होती.

आता रकान्याकडे येतो. ही भीती शमवायची कशी, यावर लंडनमध्ये आणि पोर्ट लुईत वर्षानुवर्षं खल झाला. मुस्लिम नेते अब्दुल रझाक मोहम्मद यांना मुसलमानांसाठी स्वतंत्र हमी हवी होती, मजूर पक्ष स्वतंत्र मतदारसंघाला तयार नव्हता. 1966 मध्ये ब्रिटिशांनी नेमलेल्या बॅनवेल आयोगाचा अहवाल आणि त्यानंतरच्या तडजोडीतून जे निघालं ते असं: मुख्य बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकी तीन आमदार, रॉड्रिग्स बेटाचे दोन, मिळून 62. त्यावर आणखी 8 जागा. या आठ जागा निवडणुकीत हरलेल्यांपैकी बऱ्यापैकी मतं मिळवलेल्यांना द्यायच्या, तिथे त्यांना 'बेस्ट लूझर' म्हणतात. पण कोणत्या हरलेल्याला? तर ज्याच्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या, त्या समाजातल्या. त्यासाठी घटनेच्या परिशिष्टात अख्ख्या देशाचे चार रकाने पाडले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि 'ज्यांची राहणी वरील तिन्हींत बसत नाही' अशी 'सर्वसाधारण लोकसंख्या'.

हा चौथा रकाना नीट बघा. त्यात गुलामांचे वंशज आहेत, आणि त्याच रकान्यात त्या गुलामांना विकत घेणाऱ्या मळेवाल्यांचे वंशजही. एकाच्या पणजोबाला बाजारात उभं केलं होतं, दुसऱ्याच्या पणजोबाने पैसे मोजले होते, आणि घटना म्हणते हे दोघे एक समाज. 2009 मध्ये नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने 2011 मध्ये गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींच्या परिणामांवर भलामोठा अहवाल दिला. ज्यांचं दुःख सगळ्यात खोल, त्या क्रेओल समाजाला घटनेत स्वतःचं नावसुद्धा नाही. हा रकाना त्यांच्या रक्षणासाठी आहे, असं मला कुणी म्हटलं तर मी विचारीन, मग त्यांची गणती वेगळी कुठे दिसते?

ही घटना कुणी लिहिली, तेही आठवायला हवं. आपल्याकडे राजे सहावे जॉर्ज 15 ऑगस्ट 1947 नंतरही 26 जानेवारी 1950 पर्यंत नावापुरते प्रमुख होते, पण त्या काळात दिल्लीत घटना समिती बसली होती. वाद झाले, मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी एकेका कलमावर उत्तरं दिली. त्याच समितीने धर्माच्या आधारावरचे स्वतंत्र मतदारसंघ मोडीत काढले आणि 1949 मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागाही ठेवायच्या नाहीत असं ठरवलं. मॉरिशसला अशी घटना समिती लाभली नाही. त्यांची घटना ही लंडनहून मार्च 1968 मध्ये निघालेल्या राणीच्या हुकमाला जोडलेलं परिशिष्ट आहे. 1992 मध्ये ती बदलली नाही, तिच्यात दुरुस्ती झाली. आजचं प्रजासत्ताक त्याच दस्तऐवजावर उभं आहे.

मग 24 वर्षं का लागली? आळस म्हणून नव्हे. मी याकडे दोष म्हणून पाहत नाही, उलट या संयमाचं मला मोल वाटतं. ज्या देशाच्या 44 टक्के लोकांना स्वातंत्र्याची भीती वाटली, तिथे राणी ही दूरची, कुणाच्याच जातीची नसलेली पंच होती. तिला हटवायचं तर तिच्या खुर्चीवर कोण बसणार? पंतप्रधान हिंदू, मग राष्ट्राध्यक्षही हिंदू झाला तर? हा प्रश्न सुटेपर्यंत रामगुलाम थांबले, 1982 मध्ये सत्ता जाईपर्यंत त्यांनी घाई केली नाही. पुढे ते स्वतःच राणीचे गव्हर्नर जनरल झाले आणि 1985 मध्ये त्याच पदावर वारले. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या अनिरुद्ध जगन्नाथ यांनी प्रयत्न केले. 1983 मध्ये घटना बदलायला लागणारं तीन-चतुर्थांश बहुमत जमलं नाही. 1990 मध्ये दुसऱ्या मोठ्या पक्षाचे नेते पॉल बेराँजे यांना राष्ट्राध्यक्ष करायच्या बोलणीतून विषय पुन्हा निघाला, तेव्हाही संख्याबळ भरलं नाही. सप्टेंबर 1991 च्या निवडणुकीत जगन्नाथ-बेराँजे आघाडीला 57 जागा मिळाल्या आणि डिसेंबरात दुरुस्ती मंजूर झाली. शेवटचे गव्हर्नर जनरल वीरासामी रिंगाडू, तमिळ घरातले, हेच पहिले राष्ट्राध्यक्ष. तीन-साडेतीन महिन्यांनी कासम उत्तीम, एक मुसलमान. भीतीचं उत्तर असं हळूहळू, माणसं निवडून दिलं गेलं.

त्या पदाने स्वतःचा कणाही दाखवला. सप्टेंबर 2001 नंतर जगभर दहशतवादविरोधी कायद्यांची लाट आली, मॉरिशसच्या संसदेनेही तसा कायदा केला. नागरिकांच्या हक्कांवर तो घाला घालतो असं उत्तीम यांचं मत होतं. राष्ट्राध्यक्षाला तिथे सही नाकारून कायदा अडवता येत नाही. फेब्रुवारी 2002 मध्ये त्यांनी सही करण्याऐवजी राजीनामा दिला. उपराष्ट्राध्यक्ष अंगिदी चेट्टियार यांनीही तेच केलं. शेवटी सरन्यायाधीशांनी हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केली. कायदा अडला नाही, पण राणीच्या प्रतिनिधीने असं कधी केलं असतं का? पंतप्रधानाने समोर ठेवलेला कागद परत करून घरी जाणारा माणूस, तोही एकामागोमाग दोन, हे प्रजासत्ताकाचं मला दिसलेलं खरं रूप.

आणखी एक गोष्ट तिथल्या लोकांनी राणीच्या काळातच केली, जी मला प्रजासत्ताकाच्या घोषणेइतकीच मोठी वाटते. स्वातंत्र्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1972 च्या सुमारास व्हायची होती, ती सरकारने 1976 पर्यंत पुढे ढकलली. 1970 च्या पोटनिवडणुकीत, तीही रामगुलाम यांच्याच भागात, नव्या डाव्या पक्षाचा तरुण उमेदवार निवडून आला, मग संप झाले, 1971 अखेर आणीबाणी लागली, विरोधकांना तुरुंगात टाकलं. 1982 मध्ये तेच विरोधक सत्तेवर आले आणि त्यांनी घटनेत तरतूद घातली: निवडणूक लांबवायची तर संसदेत एकमत हवं, आणि सार्वमतात तीन-चतुर्थांश मतदारांचा होकार हवा. आपली आणीबाणी आठवणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला या कलमाची किंमत सांगायला नको. पुढे 'मॉरिशस हे सार्वभौम लोकशाही राज्य आहे' या पहिल्या कलमालाही तेच कुलूप लागलं.

म्हणजे हे लोक घटना दुरुस्त करू शकतात, धाडसाने करतात. मग समाजाचा रकाना का तसाच?

त्याची अवस्था तर आणखी विचित्र आहे. 1982 मध्ये जनगणनेतून समाज विचारणं बंद झालं, ते योग्यच होतं. पण आठ जागांचं गणित मात्र 1972 च्या जनगणनेवर गोठवून ठेवलं. आज पन्नाशी ओलांडलेल्या आकड्यांवर संसदेतल्या जागा वाटल्या जातात. 1972 नंतर जन्मलेला माणूस त्या हिशेबात नाहीच. ज्यांची आई तमिळ आणि बाप क्रेओल, अशी मुलं तिथे घरोघरी आहेत, त्यांनी अर्जावर काय लिहायचं? काही डाव्या उमेदवारांनी निषेध म्हणून चिठ्ठ्या टाकून आपला समाज ठरवला. 2010 मध्ये रकाना रिकामा ठेवला म्हणून शंभरावर उमेदवारांचे अर्ज बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं. 2012 मध्ये समितीने म्हटलं की ताजे आकडे नसताना ही सक्ती करणं हा निवडणूक लढवण्याच्या हक्काचा भंग आहे. 2014 च्या निवडणुकीपुरती सक्ती उठवली, तीही तात्पुरती. 2018 अखेर निवडणूक सुधारणेचं विधेयक आलं, तीन-चतुर्थांश जमेनात, मागे पडलं. आणि सक्ती परत आली.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी ऐकलेलं आहे, आणि ते पोकळ नाही. तिथली निवडणूक पद्धत अशी आहे की वारं फिरलं की सगळं एकाच्या ओटीत. 1982 मध्ये मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एका आघाडीला. 1995 मध्ये तसंच. 2024 मध्ये पुन्हा तसंच. अशा वेळी विरोधी बाकावर बसायला माणूस उरतो तो या आठ जागांच्या तरतुदीमुळे. शिवाय दंगलीच्या धुरात जन्मलेल्या देशात पन्नासहून अधिक वर्षं मुसलमान समाज संसदेबाहेर फेकला गेला नाही, यातही या जागांचा वाटा आहे. गुरुजींनी मला हेच सांगितलं. रकाना त्यांना खटकत होता, पण तो काढला तर काय होईल याची काळजीही होती. चिपळूणच्या त्या बाकड्यावर माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं.

आता आहे असं मला वाटतं. विरोधी पक्ष संसदेत हवा असेल, तर त्या जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात द्याव्यात. भरपूर मतं मिळवून शून्य जागा, हा अन्याय पक्षावर आणि त्याच्या मतदारावर आहे, त्याची भरपाई मतांच्या हिशेबात करता येते. त्यासाठी उमेदवाराचा देव विचारायची गरज नाही. पक्षांना तिथे कळून चुकलेलंच आहे की एकाच समाजाची यादी घेऊन निवडणूक जिंकता येत नाही. तीन-तीन जागांचे मतदारसंघ असल्याने प्रत्येक आघाडी मिश्र उमेदवार देते. आपल्याकडेही राखीव जागा आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि त्या हव्याच. पण त्या शतकानुशतकं ज्यांना माणूस मानलं गेलं नाही त्यांच्यासाठी आहेत, आणि राखीव मतदारसंघातला उमेदवार सगळ्या जातींच्या मतदारांसमोर हात जोडून निवडून येतो. मॉरिशसमध्ये मतमोजणी संपल्यावर निवडणूक देखरेख आयोगात रकाने जुळवून जागा दिली जाते. त्यात ना जुन्या अन्यायाचा हिशेब, ना मतदाराचा कौल.

रकान्याने माणसाचं काय होतं, याचा सगळ्यात जहरी दाखला याच देशाच्या इतिहासात आहे. स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना, नोव्हेंबर 1965 मध्ये, ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली. मोबदला 30 लाख पौंड. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ हवा होता आणि बेटं रिकामी हवी होती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी माणसं होती, नारळाच्या मळ्यात राबणारी, बहुतेक गुलामांचे वंशज. मग लंडनच्या कागदपत्रांत त्यांना 'हंगामी कंत्राटी मजूर' या रकान्यात टाकलं. हंगामी म्हटलं की रहिवासी नाही, रहिवासी नाही म्हटलं की हक्क नाही. 1973 पर्यंत दीड-दोन हजार लोकांना जहाजांत भरून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर सोडून दिलं. 25 फेब्रुवारी 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की मॉरिशसची वसाहतमुक्ती 1968 मध्ये कायदेशीररीत्या पुरी झालीच नव्हती. 22 मे 2025 ला ब्रिटनने बेटं परत करण्याच्या करारावर सही केली, दिएगो गार्सिया 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने स्वतःकडे ठेवून. ज्या सरकारने हा लढा जागतिक न्यायालयात लढवला, त्याला रकान्याचं जहर वेगळं समजावून सांगायला नको.

आता आपल्याविषयी. मॉरिशसमध्ये मराठी जपलं गेलं आहे, हे पाहून ऊर भरून येतो. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते. कोकणातली जाखडी तिकडे 'झाकरी' होऊन अजून नाचली जाते. शाळेत मराठी शिकता येतं, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी विभाग आहे. हे सगळं टिकलं पाहिजे, वाढलं पाहिजे. पण आपण तिकडे जातो तेव्हा काय बोलतो? 'सातासमुद्रापार आपली माणसं', 'छोटा महाराष्ट्र', 'आपला तिथला मंत्री कोण'. तिथे मंत्रिमंडळ बनलं की कुठल्या समाजाला किती खाती याची मोजणी सुरू होते, आणि त्या मोजणीला दिल्ली, चेन्नई, मुंबई इथून दाद मिळते. 1998 मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकूर देवनागरीच्या खाली गेला म्हणून असा क्षोभ झाला की नोटा परत घेऊन नव्याने छापाव्या लागल्या. भाषेवरचं प्रेम खरंच होतं. पण जिथे राज्यघटनाच माणसांना गठ्ठ्यांनी मोजते, तिथे नोटेवरची ओळसुद्धा गठ्ठ्याची उंची ठरवते. आपल्या कौतुकाने त्या गठ्ठ्याची गाठ आणखी आवळली जाते. गुरुजींचे पणजोबा कोकणातून गेले, पण गुरुजी मॉरिशसचे आहेत. मातृभूमीची ओढ आपण त्यांच्यावर लादू नये. ते गाव शोधायला आले होते, पक्ष शोधायला नव्हे.

भाषा, देव, नाच, सण यांना रकान्याची गरज नाही. संघ असावेत, वर्ग असावेत, अनुदान असावं. उमेदवारी अर्जावर मात्र नाव, पत्ता, वय आणि सही एवढंच असावं. 1948 मध्ये कंदिलाच्या उजेडात बसलेल्या त्या बायांनी सही करून मत मिळवलं होतं. त्यांना कुणी समाज विचारला नव्हता.

हे करायला काय लागतं? घटनेच्या 47 व्या कलमाप्रमाणे संसदेत तीन-चतुर्थांश मतं. या दुरुस्तीला सार्वमतही लागत नाही. 1991 मध्ये एका आघाडीला 57 जागा मिळाल्या आणि तीन महिन्यांत राणीचं राज्य संपवणारी दुरुस्ती मंजूर झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनी एका आघाडीला 60 दिल्या आहेत.